तिनं ‘अमुक’ म्हटलंच नाही

आठवडाभर लोकांना गाडी शिकवणारी बाई रविवारी मिस्साची उपासना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चौदा पोरांना धर्मशिक्षण देते, हे ऐकलं की नवा माणूस आधी हसतो. हसू दे बापडा. ज्यानं त्या बाईंचा वर्ग एकदा पाहिलाय तो हसता हसता थोडा वेळ बसतोही.

पोरांनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. वीस वर्षं तो दाबून दाबून बाईंच्या पायाला अशी सवय लागली होती की वर्गात कुणी भरकटलं तरी त्या “ब्रेक!” म्हणून ओरडत आणि त्यांचा पाय फरशीवर दाणकन आपटे. पुढच्या रांगेतली पोरं आपापले पाय खुर्चीखाली ओढून बसत.

वर्ग होता दृढीकरणाच्या तयारीचा, म्हणजे लहानपणी झालेला बाप्तिस्मा कळत्या वयात पक्का करायच्या संस्काराचा. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अर्ध्यांना आईनं ढकललेलं, उरलेल्यांना हॉलमागच्या मैदानात नंतर फुटबॉल खेळायचा. दोन महिन्यांनी बिशप येणार, एकेकाच्या कपाळावर तेल लावणार, आणि त्याआधी या चौदाजणांना आपल्या कपाळाला काय लागतंय ते समजलं पाहिजे, ही जबाबदारी ब्रेकबाईंची.

“तीन प्रवेशसंस्कार,” बाई तीन बोटं नाचवत म्हणायच्या. “बाप्तिस्मा म्हणजे गाडीत बसणं. दृढीकरण म्हणजे इंजिन सुरू होणं. आणि ख्रिस्तशरीर, ती मिस्सातली पवित्र भाकर, म्हणजे पेट्रोल. पहिले दोन आयुष्यात एकदाच. पेट्रोल मात्र दर रविवारी. टाकी एकदा भरली म्हणून जन्मभर कुणी फिरत नाही.”

“टीचर, आणि पाप म्हणजे पंक्चर?” हा प्रश्न भोंग्याचा.

भोंगा ही मुलगी होती. आवाजामुळे ते नाव पडलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. दोन वर्षांत तिनं एकही धडा सरळ ऐकला नव्हता आणि एकही प्रश्न विचारायचा सोडला नव्हता.

“पाप म्हणजे पंक्चर,” बाईंनी मान्य केलं.

“आणि फादर म्हणजे ट्रॅफिक पोलीस?”

“फादर म्हणजे गॅरेज,” दारातून आवाज आला. फादर किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिथं कधीचे उभे होते. वर्ग एवढा खिदळला की दोन खुर्च्या उलटल्या.

बाईंचा सगळा भर प्रात्यक्षिकावर. पुस्तक वाचून गाडी येत नाही आणि बाप्तिस्माही कळत नाही, हे त्यांचं मत. म्हणून दर वर्षी त्या एक रबरी बाहुली, एक मग आणि एक परात आणत. एकजण बाहुली धरी, एकजण तिच्या डोक्यावर तीनदा पाणी ओती, बाकीचे आई-बाप, पाहुणे वगैरे होत. फक्त एक नियम पक्का होता. पाणी ओतताना खरे शब्द म्हणायचे नाहीत. खऱ्या शब्दांच्या जागी “अमुक, तमुक, ढमुक” म्हणायचं. अकरा वर्षांत अकरा तुकड्यांनी त्या बाहुलीला अमुक-तमुक-ढमुक करून तिचा रंग घालवला होता.

“का पण?” भोंग्यानं मागच्याच रविवारी विचारलं होतं.

“कारण ती थट्टेची गोष्ट नाही. बाप्तिस्म्याला काय लागतं? पाणी लागतं, शब्द लागतात, आणि करणाऱ्याच्या मनात चर्च जे करतं तेच करायचा हेतू लागतो. एवढं असलं की झाला. एरवी फादरच करतात, पण जिवावरचा प्रसंग असला तर कुणीही करू शकतं. नर्स करू शकते, शेजारीण करू शकते.”

“मीसुद्धा?”

“तूसुद्धा. देवाची दया मोठी आहे.”

“आणि प्रसंग नसताना केला तर?”

“तर करणाऱ्याला फादर कानाला धरून उभं करतील. पण झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. पुन्हा करताही येत नाही. ब्रेक! पुढचा धडा.”

आता यात बाईंची स्वतःची एक गोष्ट होती, ती सांगायला हवी. ब्रेकबाई त्रेचाळीस वर्षांच्या, लग्न केलेलं नाही, त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. पण अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना धर्ममाता म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारी बाई, हे समजावून सांगताना आपल्याला कुणी अजून धर्ममाता केलं नाही, हे त्यांना टोचत होतं. बाईंना बोलावणं यायचं ते गाडी चालवायला. बाप्तिस्म्याच्या दिवशी आजी-आजोबांची ने-आण करायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. मग चार महिन्यांपूर्वी, लग्नानंतर नऊ वर्षांनी, त्यांच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. चिमीला पहिल्यांदा हातात देताना धाकटी म्हणाली होती, “ताई, हिची धर्ममाता तूच.” बाई ऐकून घरी आल्या आणि गाडी गॅरेजमध्ये लावायची सोडून गॅरेजच्या दारात लावून मोकळ्या झाल्या.

तेव्हापासून तयारी चालली होती. धर्ममातेला विचारतात, “या बाळाच्या आई-वडिलांना साहाय्य करायला तुम्ही तयार आहात काय?” त्यावर उत्तर फक्त “आहोत” एवढंच असतं. बाई ते एकाक्षरी नव्हे तरी एकशब्दी उत्तर आरशासमोर रोज म्हणून बघत. एकदा हळू, एकदा ठाम. शिकाऊ गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतानाही एकदा त्यांच्या तोंडून “आहोत!” निघालं आणि त्या गिऱ्हाइकानं घाबरून गाडी बंद पाडली.

बाप्तिस्मा येत्या रविवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी धाकटी आणि तिचा नवरा सासूबाईंना आणायला बसस्टँडवर गेले. सासूबाई सव्वीस तासांचा प्रवास करून नातीच्या डोक्यावर पाणी पडताना बघायला येत होत्या. चिमीला तेवढा वेळ मावशीकडे ठेवलं. मावशीचा वर्ग होता, म्हणून चिमीही वर्गाला आली.

पोरांनी जो धिंगाणा घातला तो विचारू नका. फुटबॉलवाले फुटबॉल विसरले. एकानं शिट्टी वाजवून दाखवली, एकीनं आपली वेणी तिच्या हातात दिली, चिमीनं ती ओढली, तर हिला धन्य झाल्यासारखं वाटलं. शेवटी बाईंनी ब्रेक मारला आणि प्रात्यक्षिक सुरू केलं. बाहुली धरायला खांबाला उभं केलं. खांब म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात गप्प मुलगा. वर्षभरात त्याच्या तोंडून दहा वाक्यं निघाली असतील तर शपथ. त्यानं बाहुली इतक्या जपून, इतक्या घट्ट धरली की तिचं मुंडकं टुणकन उडालं आणि परातीत पडलं.

अख्खा हॉल लोळला. खांब धड हातात घेऊन तसाच उभा. बाईसुद्धा डोळे पुसत होत्या.

“टीचर, खरी आहे ना इथं!” भोंगा म्हणाली. “चिमीवर करू! तिचीही रिहर्सल होईल!”

आता इथं बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण मावशीचं मन. चिमीला पाणी आवडतं का, रविवारी ती रडेल का, हे त्यांनाही बघायचंच होतं. त्या म्हणाल्या, “बरं. पण पाणी कोमट घ्या. आणि खांबा, हिला बाहुलीसारखी आवळू नकोस.” कोमट पाणी आलं, खांबानं चिमीला हातांवर घेतलं, भोंग्यानं मग उचलला. “आणि हे बघा,” बाई सवयीनं म्हणाल्या, “खिदळत करायचं नाही. जे कराल ते मनापासून करा.” त्यापुढे त्या सवयीनं म्हणणारच होत्या की खरे शब्द नकोत, अमुक-तमुक म्हणा. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागला. एक नाही, दोन नाही, लागोपाठ. फाटकाबाहेर बाईंची गाडी, छपरावरच्या मोठ्या लाल पाटीसकट, पाण्याच्या टँकरची वाट अडवून उभी होती. वीस वर्षं लोकांना पार्किंग शिकवणाऱ्या बाईंची गाडी! बाई किल्ली घेऊन धावल्या.

टँकरवाल्यानं दोन शब्द सुनावले, बाईंनी चार परत केले, गाडी मागे घेतली, पुढे घेतली, आणि तीन मिनिटांत त्या परत आल्या. वर्गात टाळ्या चालल्या होत्या. चिमीचं डोकं ओलंचिंब, जावळ कपाळाला चिकटलेलं, आणि ती बोळकं उघडून हसत होती.

“रडली नाही!” बाई आनंदानं ओरडल्या. “अगं माझी शहाणी ती!”

खांबानं घसा खाकरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण तो बोलणार होता.

“टीचर,” खांब म्हणाला, “तिनं अमुक म्हटलं नाही.”

बाईंना आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं.

“मग काय म्हटलंस?” त्यांनी भोंग्याला विचारलं.

भोंगा प्रथमच हळू बोलली. “चिमी, मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.”

“पाणी?”

“तीनदा. प्रत्येक नावाला एकदा. डोक्यावरून खाली वाहिलं. परातीत पडलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, नुसता ओला हात लावून चालत नाही म्हणून.”

अकरा वर्षांत इतकं बिनचूक प्रात्यक्षिक कुणी केलं नव्हतं. बाईंना हसावं की रडावं ते समजेना. त्यांनी चिमीचं डोकं आपल्या ओढणीनं पुसलं, जणू पुसून काही उपयोग होणार होता.

वर्ग सोडून त्या थेट फादरांकडे गेल्या. फादर आपल्या ऑफिसात मेणबत्त्यांची खोकी मोजत होते. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, खुर्चीत बसले, आणि पोट धरधरून हसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा हसले. मग एकदम थांबले.

“हेतू काय होता तिचा?” त्यांनी विचारलं.

“तेच तर मला विचारायचं धाडस होत नाहीये, फादर.”

“विचारावं लागेल. खेळ म्हणून केलं असेल तर काहीच झालेलं नाही, रविवारी ठरल्याप्रमाणे करू. तिचं तिलाच सांगता येत नसेल, तर मी ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ असं म्हणून पाणी ओतीन. आणि मनापासून केलं असेल, तर बाई, झाला. मग मी तर काय, बिशप आले तरी पुन्हा पाणी ओतता यायचं नाही. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती एवढं राहिलेलं मी चर्चमध्ये पूर्ण करीन.”

“आणि धर्ममाता?” बाईंनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

फादर सहज विचारलेलं आणि सहज न विचारलेलं ओळखत होते. “धर्ममाता म्हणजे पाणी पडताना बाळाला हात लावून उभी असलेली,” ते हळूच म्हणाले. “मागाहून नेमता येत नाही. तू तेव्हा कुठं होतीस?”

“टँकरला वाट देत होते.”

“बाळ कुणी धरलं होतं?”

“खांबानं. म्हणजे मग तो धर्मपिता?”

“त्याचं दृढीकरण कुठं झालंय? त्याशिवाय धर्मपिता होता येत नाही. तो नुसता साक्षीदार.”

ही गोष्ट लपवावी असं बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. पण ज्या गोष्टीला भोंगा साक्षी आहे ती लपवणार कशी? बाई धाकटीच्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. धाकटी दारातच उभी. “ताई, पोरगी दोन तास तुझ्याकडे ठेवली, तर तिचा बाप्तिस्मा उरकून आणलास?” मागून सासूबाई आल्या, अजून प्रवासाच्या साडीत. “सव्वीस तास!” त्या म्हणाल्या. “पाठ मोडली माझी. कशासाठी? पाणी बघायला. आणि पाणी टाकलं कुणी? फुटबॉल खेळणाऱ्या पोरीनं!”

धाकटी मग तीन वाक्यांपलीकडे बोलली नाही. त्यातलं तिसरं वाक्य हे : “तुझी विद्यार्थिनी आहे ना, मग तिला सांग, खेळ होता म्हण.”

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता फादरांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. आत फादर, धाकटी, तिचा नवरा, सासूबाई आणि चिमी. बाहेरच्या बाकावर भोंगा. शाळेच्या गणवेशात, केसांना चापूनचोपून तेल, गप्प. तिची आई येणार होती पण तिची कामावरची पाळी संपायला सहा वाजणार होते. ब्रेकबाई तिला आत न्यायला बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या.

“टीचर, फादर मला ओरडणार?”

“थोडंसं. तो त्यांचा हक्क आहे.”

भोंग्यानं नखं बघितली. “टीचर, मी काय सांगू? सगळे म्हणतायत की मी खेळ होता म्हटलं की सगळं नीट होईल. तुम्हीच धर्ममाता होणार ना? मला माहीतच नव्हतं हो. तुम्ही म्हणाल ते सांगते. खरंच. तुम्ही फक्त सांगा.”

बाईंच्या आयुष्यात इतकी सोपी गोष्ट कधी कुणी हातात ठेवली नव्हती. चार अक्षरं पुरली असती. खेळ म्हण. पोरगी म्हणाली असती, फादरांनी सुटकेचा श्वास टाकला असता, धाकटी पुन्हा बोलायला लागली असती, सासूबाईंना पाणी दिसलं असतं आणि येत्या रविवारी चिमीला हातावर घेऊन बाईंनी ते “आहोत” म्हटलं असतं. कुणाचंही वाकडं झालं नसतं. बाईंचा जीव आतून अक्षरशः ओरडत होता, म्हण गं बाई, खेळ म्हण.

पण गंमत अशी की दोन वर्षं या पोरीला त्या एकच गोष्ट शिकवायला बघत होत्या, की हे खेळ नाही. आणि आता, ती शिकली की नाही ते कळायची वेळ आली, तर आपणच तिला उत्तर सांगायचं? परीक्षेला बसलेल्या माणसाचं स्टिअरिंग शिकवणाऱ्यानं धरायचं नसतं.

“तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “ते तुलाच माहीत. जे होतं ते सांग. खेळ असेल तर खेळ, नसेल तर नाही. माझा विचार करू नकोस. मी माझं बघते.”

आत गेल्यावर फादर आधी ओरडले. खरोखर ओरडले, कारण दुसऱ्याच्या लेकराच्या बाबतीत आई-बापाला न विचारता असलं काही करणं हा आगाऊपणाच आहे, आणि तो त्यांनी चांगला समजावून सांगितला. भोंग्यानं मान खाली घालून ऐकलं. मग फादरांनी खुर्ची पुढे ओढली.

“आता सांग. पाणी ओतताना मनात काय होतं? खेळ?”

“आधी खेळच होता,” भोंगा म्हणाली. धाकटी जरा सैल झाली. “बाहुलीचं मुंडकं पडल्यामुळे मला हसू आवरत नव्हतं. टीचर बाहेर गेल्या तेव्हा मी ‘अमुक’ म्हणायला तोंडही उघडलं. पण तेवढ्यात हिनं माझ्याकडे बघितलं.” तिनं चिमीकडे बोट केलं. “एवढीशी आहे. तिला काहीच माहीत नाही ना. मला वाटलं, हिला खरंच मिळू दे.”

“काय मिळू दे?”

“तेच. मला मिळालं तेव्हा मी पण एवढीच होते. मला काही कळलं नाही. तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी मनापासून म्हटलं असेल ना, फादर? अमुक-तमुक नसेल म्हटलं.” ती थांबली. “म्हणून मी खरं म्हटलं. मी खोटं सांगू शकते, पण मग ते तिच्याबद्दल खोटं होईल. सॉरी.”

फादरांनी चष्मा काढला, या वेळी हसण्यासाठी नव्हे.

“झाला,” ते म्हणाले. “बाप्तिस्मा झाला. देव तुझं भलं करो, आणि पुन्हा कुणाच्या लेकराला हात लावलास तर मी तुला घंटेला बांधीन.”

धाकटी रडायला लागली. बाईंना रडू येत होतं की अभिमानानं छाती फुटत होती ते त्यांचं त्यांना समजलं नाही. दोन्ही एकदम होत होतं. तेवढ्यात सासूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं आता पोरीची धडगत नाही. त्या भोंग्यासमोर गेल्या, तिची हनुवटी धरली, चेहरा इकडून तिकडून बघितला, भाजी निवडताना बघतात तसा.

“काय गं, माझी नात हसली म्हणतात पाणी पडताना?”

“हो आजी. बोळकं उघडून.”

“सगळं सांग मला. पहिल्यापासून. पाणी कोमट होतं ना?”

आणि भोंगा सुटली! सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवून तिनं जे वर्णन सुरू केलं, त्यात परात होती, टँकर होता, उडालेलं मुंडकं तर दोनदा होतं. तिची आई सहा वाजता येईपर्यंत सासूबाई चार वेळा “पुन्हा सांग” म्हणाल्या होत्या.

धाकटी मात्र ताईशी बोलली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारीसुद्धा नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं. ज्यांचा चिमीशी काडीचा संबंध नाही तेही आले होते, कारण बिनपाण्याचा बाप्तिस्मा कसा दिसतो ते सगळ्यांनाच बघायचं होतं. चौदाजणं पुढच्या दोन रांगांत, इस्त्रीचे कपडे घालून. खांबानं टाय लावला होता, तो त्याच्या बेंबीपर्यंतही पोचत नव्हता. फादर पायऱ्यांवर आले तेव्हा सासूबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. “फादर, थोडंसं? नुसता एक शिंतोडा?”

“एक थेंबसुद्धा नाही, आजी.”

“मग मेणबत्ती तरी मोठी घ्या.”

तेल लागलं, पांढरा झगा चढला, मोठी मेणबत्ती पेटली. चिमीला हे सगळं अजिबात आवडलं नाही. पाणी पडताना हसलेली पोरगी तेल लागताना एवढी किंचाळली की भोंगा कौतुकानं म्हणाली, “काय आवाज आहे!” ब्रेकबाई तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. धर्ममातेला विचारायचा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. बाईंचे ओठ तेवढे हलले.

नंतर सगळे नोंदवहीभोवती जमले. फादर मोठ्यानं वाचत लिहीत होते. बाळाचं नाव. आईचं नाव, वडलांचं नाव. बाप्तिस्मा देणारी, म्हणून भोंग्याचं खरं, लांबलचक नाव; ते वर्गातल्या निम्म्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. साक्षीदार म्हणून खांबाचं. मग त्यांचं पेन थांबलं.

“धर्ममाता,” त्यांनी रकाना वाचला आणि वर बघितलं नाही.

आई-बापानं बोलायचं ते, पण धाकटी चिमीचा झगा सारखा करत राहिली. ब्रेकबाई पुढे झाल्या.

“रेघ मारा, फादर,” त्या म्हणाल्या. “मी नव्हते तिथं. जे नाही ते लिहायचं नाही.”

फादरांनी रेघ मारली. सरळ, एका रकान्याएवढी, त्यात काही विशेष नव्हतं. पण धाकटी त्या रेघेकडे बघतच राहिली. गेल्या रविवारपासून ती ताईवर रागावली होती, की चिमीकडे लक्ष नव्हतं, की भोंग्याला एक शब्द सांगितला नाही. त्या एका शब्दानं ताईचं काय राहिलं असतं आणि न बोलल्यानं काय गेलं, हे तिला आत्ता त्या शाईत दिसलं.

“ताई,” ती म्हणाली, आणि किंचाळणारी चिमी तिनं बहिणीच्या पुढ्यात केली. “धर हिला.”

“अगं, पण मी आता तिची कुणी...”

“कुणी म्हणजे? मावशी आहेस ना? धर म्हणते ना!”

“तर काय!” सासूबाई गरजल्या. “धर्ममातेचं काय घेऊन बसलात? माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात ते उगीच नाही!”

“आई!” धाकटी ओरडली. “मी जिवंत आहे अजून! आणि आज बाप्तिस्मा आहे!”

सासूबाईंनी जीभ चावली. आधी भोंगा फुटली, तिच्या मागे उरलेले तेराच्या तेरा, मग फादर, नोंदवहीवर हात ठेवून, शाई वाळायच्या आधी. हसता हसता धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एवढ्या सगळ्या गोंगाटात चिमी दचकून गप्प झाली. मावशीच्या हातावर होती. तिनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि तेलकट डोकं मावशीच्या नव्या कोऱ्या पोशाखावर घासून झोपून गेली. बाई मग कितीतरी वेळ तिथंच उभ्या राहिल्या. सगळे जेवायला गेले, म्हाताऱ्यांना न्यायला गाडी लागत होती तरी आज कुणी बाईंना गाडी काढायला सांगितलं नाही.